तळहाताएवढं चिलखत

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. मध्ययुगीन युरोपातल्या हत्यारं-चिलखतांवरचा तुझा लेख मिळाला, दोन वेळा वाचला. मेहनत जागोजागी दिसते. क्रेसी, ॲजिनकोर्ट, टाउटन या लढायांच्या तारखा बरोबर आहेत, नकाशेही नीट काढले आहेस. पण पहिल्याच पानावर तू एक वाक्य लिहिलंस आणि पुढची सगळी पानं त्या वाक्याची चाकरी करत बसली आहेत. 'लाँगबो आला आणि चिलखत हरलं.' लाँगबो म्हणजे इंग्रजांचं ते लांब धनुष्य. हे वाक्य मला खटकलं. खोडून टाक असं म्हणत नाही. का खटकलं ते सांगतो, मग तूच ठरव.

आधी मला सांग, चिलखताची एक कडी तू कधी हातात घेतली आहेस का? बाराव्या शतकापर्यंत युरोपातला घोडेस्वार अंगात घालत होता ते अशाच लोखंडी कड्यांचं विणकाम. करंगळीच्या नखाएवढी, साधारण ८ ते १० मिलिमीटरची कडी. आधी तार ओढायची, ती गजाभोवती गुंडाळून वेटोळी करायची आणि कापून सुट्या कड्या पाडायच्या. मग कडीची दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून ठोकून चपटी करायची, पोगराने बारीक भोक पाडायचं, शेजारच्या चार कड्यांतून ती ओवायची आणि भोकात मोहरीएवढा खिळा घालून तो दाबून बंद करायचा. ही झाली एक कडी. एका अंगरख्याला अशा पंचवीस-तीस हजार लागतात. कारागिरांनी श्रम वाचवायला एक ओळ अखंड कड्यांची आणि एक ओळ खिळ्यांची अशी युक्तीही काढली होती. तरी महिनोन्‌महिने जात, आणि तयार अंगरखा दहा-बारा किलोचा होई.

१०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईची गोष्ट सांगणारं जे भरतकाम फ्रान्समध्ये बायो गावात जपलं गेलं, जवळपास ७० मीटर लांब, त्यात दोन जागा मुद्दाम बघ. एकीत जहाजांवर सामान चढवताना बाहीतून काठी घालून चिलखत नेतात, एका चिलखताला दोन माणसं. दुसरी अगदी खालच्या किनारीत आहे. लढाई वर चाललेली असतानाच खाली मेलेल्यांच्या अंगातून चिलखतं डोक्यावरून ओरबाडून काढतायत. ज्याने हे रेखाटलं त्याला चिलखताची किंमत पक्की ठाऊक होती.

किंमत हा शब्द तुझ्या लेखात एकदाही नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचा ११८१ चा हुकूम वाच. कोणी कोणतं हत्यार बाळगायचं ते त्यात मालमत्तेवरून ठरवलं आहे. श्रीमंताने चिलखत, शिरस्त्राण, ढाल, भाला. त्याखालच्याने हलकं चिलखत. आणि साध्या स्वतंत्र माणसाने जाड शिवलेला अंगरखा, लोखंडी टोपी, भाला. म्हणजे एकाच रणांगणावर, एकाच बाजूला, वेगवेगळ्या किमतीची शरीरं उभी असत. 'चिलखत हरलं' असं तू म्हणतेस तेव्हा यातलं कोणाचं?

त्या जाड अंगरख्याला आपली गोधडी डोळ्यांसमोर आण. कापडाचे थरावर थर, किंवा आत लोकर-चिंध्या भरून धावदोरा घालून घट्ट केलेले. कड्यांचं चिलखत धारेला अडवतं, पण घावाचा दणका आत जातोच, हाड मोडतं. तो दणका गोधडी खाते. ११९१ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या अर्सुफच्या वाटेवर सुलतान सलादिनची सेना क्रुसेडरांवर, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिश्चन धर्मयोद्ध्यांवर, बाणांचा पाऊस पाडत होती. सलादिनच्याच बाजूचा इतिहासकार बहाउद्दीन लिहितो की अंगात एकापासून दहापर्यंत बाण रुतलेले पायदळाचे शिपाई त्याने पाहिले आणि ते रांग न मोडता चालत होते. शत्रूने दिलेली साक्ष आहे ही, म्हणून मला ती मोलाची वाटते.

इथे माझी एक चूक तुला सांगायला हवी. उमेदवारीच्या दिवसांत एका संग्रहात माझ्याकडे जुन्या कडी-चिलखताचा एक तुकडा साफ करायला आला. गंजाने कड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मी तारेचा ब्रश घेतला आणि दुपारभर घासला. संध्याकाळी लोखंड लख्ख झालं, मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठांनी टेबलावरची गंजाची भुकटी भिंगाखाली धरली आणि मला बघायला लावलं. त्यात धागे होते. अस्तराचं कापड कधीच कुजलं होतं, पण गंजाने त्याचे धागे धरून ठेवले होते. त्या चिलखताच्या आत माणसाच्या अंगाला काय लागत होतं याचा तेवढाच पुरावा उरला होता आणि तो मी ब्रशने झाडून टाकला. त्या दिवसापासून चिलखत आधी आतून बघायची सवय लागली. तूही लाव. संग्रहालयात काचेआडची वस्तू समोरून सगळेच बघतात. वाकून काखेकडे बघ, गळ्याची कड बघ, ठिगळ कुठे आहे ते बघ.

क्रॉसबोवर, म्हणजे चाप दाबून बाण सोडायच्या आडव्या धनुष्यावर, तू चार पानं खर्च केलीस, तिथे एक पुरे. ११३९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिश्चनांविरुद्ध त्याचा वापर निषिद्ध केला, तो बंद झाला नाही, आणि ११९९ मध्ये फ्रान्समधल्या शालूच्या वेढ्यात इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड खांद्याला लागलेल्या क्रॉसबोच्या बाणाची जखम सडून मेला. पुढे चल.

पुढे चल म्हणजे व्हिस्बीला चल. तुझ्या लेखात व्हिस्बी नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. बाल्टिक समुद्रातलं गॉटलंड बेट, २७ जुलै १३६१. डेन्मार्कचा राजा वाल्देमारचं कसलेलं सैन्य एका बाजूला आणि व्हिस्बी शहराच्या तटाबाहेर बेटावरचे शेतकरी दुसऱ्या बाजूला. शेतकरी कापले गेले. शहराने मग दरवाजे उघडून शरणागती पत्करली. मेलेल्यांना मोठमोठ्या खड्ड्यांत पुरलं, आणि पुष्कळांना चिलखतासकट. ऐन उन्हाळा, प्रेतांचा ढीग, त्यामुळे अंगावरून काढत बसायला कोणाला उसंत झाली नसावी असं अभ्यासक मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते खड्डे उकरले तेव्हा तीन खड्ड्यांतून ११८५ माणसांचे सांगाडे निघाले. कवट्यांवर अजून कड्यांच्या टोप्या होत्या.

त्या हाडांनी जे सांगितलं ते कोणत्याही बखरीत नाही. घाव मोठ्या संख्येने नडग्यांवर आहेत. ढाल छाती सांभाळते, टोपी डोकं सांभाळते, म्हणून समोरचा खाली वाकून पायावर वार करतो, माणूस कोसळतो, मग डोक्याकडे वळतो. एका सांगाड्याच्या तर दोन्ही नडग्या एकाच घावात तुटल्यासारख्या दिसतात. आणि ही माणसं कोण? पोरसवदा मुलं आहेत, म्हातारे आहेत, जुन्या दुखण्याने हाडं वाकडी झालेले आहेत. अंगावरची चिलखतं त्या काळाच्या मानाने जुनाट, चामड्याला किंवा कापडाला आतून लोखंडी पट्ट्या खिळ्यांनी जोडलेली. त्याच वर्षी मिलानमधल्या धनिकाच्या अंगावर याहून कितीतरी सरस माल होता. हे एक पान तुझ्या लेखात आलं की तुझा सगळा युक्तिवाद जमिनीवर येईल.

आता पत्र्याच्या चिलखताकडे. ते एका दिवसात अवतरलं नाही. तेराव्या शतकात आधी गुडघ्यावर वाटी आली, मग नडगी, कोपर, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस छातीचा अखंड पत्रा. जिथे मार बसत होता तिथे लोखंड आधी गेलं, हा क्रम व्हिस्बीच्या हाडांशी ताडून बघ. मोठा, सलग, चांगला पत्रा निघायला मोठ्या भट्ट्या आणि पाण्यावर चालणारे घण लागले, ते उत्तर इटलीत आणि जर्मन मुलखात होते. म्हणून मिलानचं मिसालिया घराणं आणि पुढे ऑग्सबर्ग, इन्सब्रुकचे कारागीर पुढे आले.

चिलखत घातलेल्या सरदाराला क्रेनने घोड्यावर चढवत, पडला तर त्याला उठता येत नसे, हे तुझ्या टिपणातून काढून टाक. पूर्ण चिलखत २० ते २५ किलो, आणि ते पट्ट्यांनी अंगभर वाटलेलं. बूसिको नावाचा फ्रेंच सरदार शिरस्त्राण सोडून बाकी चिलखतात कोलांटी मारत असे, असं त्याच्या चरित्रात आहे. पण दुसरी बाजूही लिही. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं-पळवलं, तेव्हा शक्ती साधारण दुप्पट खर्ची पडली. पाठीवरचं ओझं आणि पायावरचं ओझं सारखं नसतं, प्रत्येक पावलाला नडगीचं लोखंड उचलावं लागतं.

हे डोक्यात ठेवून आता ॲजिनकोर्टला जा. २५ ऑक्टोबर १४१५, नांगरलेलं शेत, रात्रभरचा पाऊस. फ्रेंच सरदार चिखल तुडवत, डोळ्यांच्या फटीत बाण शिरू नये म्हणून मान खाली घालून चालत आले. बाणांनी घोडे बिथरले आणि आपल्याच माणसांत घुसले. दोन्हीकडे झाडी, मागून रेटा. इंग्रजांपाशी पोचेपर्यंत दम निघालेला, हात उगारायला जागा नाही. तेव्हा तिरंदाजांनी धनुष्यं टाकली आणि मोगरी, कुऱ्हाडी, तलवारी घेऊन ते त्या गर्दीवर तुटून पडले. बाणाने चांगला पत्रा क्वचितच भेदला असेल. बाणाने वाट अरुंद केली, घोडा मारला, मान खाली घालायला लावली. क्रेसीला, १३४६ मध्ये, फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या जेनोआच्या क्रॉसबोवाल्यांच्या मोठ्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिल्या होत्या. हेही हत्याराच्या इतिहासातच बसतं.

लाँगबोला मी कमी लेखत नाही. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रज युद्धनौकेतून शंभराहून जास्त धनुष्यं जशीच्या तशी मिळाली. ती ओढायला साधारण ४५ ते ८० किलोचा जोर लागत असे. एवढं ओढायचं तर लहानपणापासून खांदा घडवावा लागतो, म्हणून इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये सुट्टीच्या दिवशी फुटबॉल सोडून तिरंदाजी करायचं फर्मान काढलं. धनुष्य वर्षभरात बनतं, पण तिरंदाजाला पंधरा वर्षं लागतात. तुझ्या वाक्यात 'लाँगबो आला' असं आहे. कुठून आला? त्या खांद्यांतून आला.

आणि पत्र्याला उत्तर म्हणून हत्यारं बदलली ती बारकाईने लिही. तलवार निमुळती, ताठ, टोकदार झाली, कारण आता धार निरुपयोगी होती आणि सांधे शोधायचे होते. काख, जांघ, हाताची आतली बाजू. पंधराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या फिओरे नावाच्या उस्तादाने लढाईच्या पाठांची चित्रं काढून घेतली, त्यात चिलखतातला माणूस एका हाताने आपल्याच तलवारीचं पातं मधोमध धरून भाल्यासारखं खुपसतो. बाकी हातोडा, गदा, लांब दांड्याची कुऱ्हाड. कापता येत नाही तर ठेचायचं.

आपल्याकडचा एक दाखला मनात येतो तो शेवटी टाकलास तर चालेल. प्रतापगडाच्या पायथ्याशी, १० नोव्हेंबर १६५९. बखरकार सभासद अफजलखानाच्या जमदाडीसाठी, म्हणजे कट्यारीसाठी, 'खरखरली' असं क्रियापद वापरतो. शिवाजी महाराजांच्या अंगाला लागली नाही, खरखरली. ज्याने कड्यांवर लोखंड घासल्याचा आवाज ऐकला आहे त्याला त्या शब्दावर थांबावंच लागतं.

तो आवाज तूही ऐक. हार्डवेअरच्या दुकानात सळया बांधायची काळी बाइंडिंग वायर मिळते, १८ गेजची अर्धा किलो घे. ती आधीच नरम केलेली असते. ८ मिलिमीटरच्या गजावर गुंडाळ. नुसती टोकाला टोक भिडवून एक तळहाताएवढा तुकडा विण, मग तेवढाच दुसरा खिळे मारून विण. दोन्ही जुन्या गोधडीच्या तुकड्यावर ठेवून एकदा सुरी ओढ, एकदा दाभण खुपस, आणि काय झालं ते वहीत लिही. दुसरा तुकडा पुरा व्हायला किती दिवस लागले तेही लिही. बोटांना फोड येतील, कापडाची पट्टी बांधून काम कर.

पुढच्या महिन्यात दोन्ही तुकडे आणि वही घेऊन ये. खिळ्यांसाठी बारीक तारेचे तुकडे आणि माझा जुना पोगर उद्याच पोस्टाने पाठवतो.

तुझे,
सर