वैनी, लेकीचे रोलर स्केट्स बेळगावातच ठेवून या

वैनी, तुम्ही विचारलंय की कॅनडात एडमंटनला आल्यावर मुलीचं स्केटिंग सुटंल काय, चार वर्षं बेळगावात रोलर करतंय आणि तिकडं तर निम्मं वर्ष बर्फ. सुटत नाही हो, चाकांऐवजी बर्फावर करंल, उलट घर बघताना रेक सेंटर, म्हणजे सिटीचं खेळाचं संकुल, किती लांब ते आधी बघा, किराणा दुकान मग. आम्ही टर्विलेगर सेंटरजवळ राहतो, तिथं एकाच छपराखाली चार आइस रिंक, स्विमिंग पूल, जिम, बास्केटबॉल कोर्ट आणि वर चालायचा ट्रॅक, बाहेर उणे २५ असतंय आणि आमच्या सासूबाई साडीवर स्पोर्ट्स शूज घालून आत फेऱ्या मारत असतात.

रिंक म्हणजे २०० बाय ८५ फूट. खाली काँक्रीट, त्यात पाइप आणि पाइपांतून थंडगार मिठाचं पाणी फिरतंय, वरचा बर्फ जेमतेम दीड इंच. मध्येमध्ये सगळ्यांना बाहेर काढून झांबोनी फिरवतात, ती गाडी वरचा थर खरवडून मागनं गरम पाणी सोडत जाते. मी पहिल्यांदा बघून हसलो, बर्फावर गरम पाणी काय ओतताय म्हणून! पण गरम पाण्यात हवा कमी असते, म्हणून बर्फ घट्ट धरतो आणि काचेसारखा होतो. गाडी गेल्यावर दोन मिनिटं सगळं ओलं चकाकत असतंय, पोरं दारात टपून बसलेली.

आता मुलीचं. तोल आणि पाय ढकलणं येतंय ते उपयोगी पडतंय, थांबणं मात्र नव्यानं शिकायचं, कारण इथं रबरी ब्रेक नाही, ब्लेड आडवं घालून बर्फ खरवडून थांबायचं. आमचा थोरला बेळगावच्या मस्तीत सुसाट सुटला आणि थेट कडेच्या फळीवर आदळला, हनुवटीला टाके! म्हणून पहिल्यांदा सुरुवातीच्या बॅचलाच घाला, तिला कमीपणा वाटला तरी.

स्केट्स आधी भाड्यानं घ्या, आणि नेहमीच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान लागतात, वाढत्या पायाचे म्हणून मोठे घेऊ नका, घोटा हलतोय मग. पगार सुरू व्हायला वेळ असंल तर कमी उत्पन्नवाल्यांना अशा सेंटरात सवलतीत प्रवेश देणारा सिटीचा लीजर अॅक्सेस प्रोग्राम आहे, त्याचा फॉर्म भरा, लाजू नका, आम्ही पण भरलेला. आणि जुलैत गेलात तरी जॅकेट न्या, बाकावर बसून तासभर बघायचं असतंय, कुडकुडायला होतंय.