देवाला माफच करायचं होतं, तर येशूचा जीव का जावा लागला?

तुम्ही विचारलंय की देव प्रेमळ असेल तर त्याने माणसाला सरळ माफ का केलं नाही, मध्ये येशूला क्रूसावर कशाला चढवलं? नागपूरच्या इंदोऱ्यातल्या बौद्ध घरात वाढल्यामुळे 'बळी' म्हटलं की खटकतं, असंही तुम्ही लिहिलंय. मी इथल्याच सदरमधल्या मराठी ख्रिस्ती घरातला. माझ्या मते तुम्हाला योग्य तेच खटकलंय. आमच्याकडेही ही गोष्ट पुष्कळदा वाईट सांगितली जाते: देव रागावला, कुणाला तरी शिक्षा केल्याशिवाय राग उतरेना, म्हणून निरपराध मुलावर काढला. असा देव मलाही नको.

पण ख्रिस्ती श्रद्धेत येशू हा देव आणि माणूस यांच्या भांडणात सापडलेला तिसरा कुणी नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही आमची मूळ समजूत. ती काढून टाकली तर क्रूसावर नरबळीच उरतो. ती धरली तर देणारा देव आणि दिलं तेही स्वतःलाच. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की माझा जीव कुणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो (10:18).

आता 'सरळ माफ' करण्याबद्दल. किराणावाल्याने एखाद्याची दहा हजारांची उधारी वहीतून खोडली, तर ते दहा हजार हवेत विरत नाहीत. घेणारा सुटतो आणि फटका दुकानदाराच्या गल्ल्याला बसतो. क्षमा कुणाला तरी महाग पडतेच, आणि खरी क्षमा करणाऱ्यालाच पडते. क्रूसाकडे मी असं बघतो. बाकी हे नेमकं कसं घडतं यावर जुना वाद आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मपंडिताने 'देवाच्या सन्मानाची भरपाई' अशी मांडणी केली, तर त्यानंतर थोड्याच काळात आबेलार्ड या दुसऱ्या धर्मपंडिताने क्रूसावरचं प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं यावर भर दिला. निकेयाच्या मतांगीकारात, म्हणजे चर्चच्या जुन्या श्रद्धा-कबुलीत, 'आम्हा मानवांसाठी व आमच्या तारणासाठी' एवढंच आहे, रीत सांगितलेली नाही. ती सांगितली नाही हे बरंच झालं असं मला वाटतं.

कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण आपल्या भागाच्या जवळचं. नागपुराहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, दिला. टिळक अडकले ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात, म्हणजे 'आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा' म्हणतो त्या भागात. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला क्रूस त्या प्रवचनापासून वेगळा काढता येत नाही. डोंगरावर जे सांगितलं ते सांगणाऱ्यालाच करून दाखवायची वेळ आली, आणि खिळे ठोकणाऱ्यांसाठी तो म्हणाला, 'हे बापा, त्यांना क्षमा कर.'

क्रूसावरच्या सात उद्गारांपैकी मला सर्वांत जड जातो तो चौथा: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' बायबलमधल्या स्तोत्र 22 ची ही सुरुवात. देव आपल्याला सोडून गेला असं वाटणाऱ्या माणसाच्या जागी इथे पुत्र स्वतः उभा आहे, आणि त्याला वरून उत्तर येत नाही. मेयो हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर रात्र काढलेल्या माणसाला यावर प्रवचन लागत नाही.

मग ईस्टर, म्हणजे येशू पुन्हा उठला तो रविवार, कशाला? क्रूसाचा शुक्रवार पुसून टाकायला नक्कीच नाही. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच आहेत, थोमा या शिष्याला तो तेच दाखवतो. आणि पेत्र या शिष्याचं बघा. अटकेच्या रात्री कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत असताना 'मी त्याला ओळखत नाही' म्हणायला त्याने सुरुवात केली आणि तीनदा नाकारलं. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राच्या किनाऱ्यावर येशू पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवून मासळी भाजतो, त्याला न्याहारीला बोलावतो आणि तीनदाच विचारतो, 'तू माझ्यावर प्रीती करतोस काय?' का पळालास, हे एकदाही विचारत नाही. उलट मेंढरं सांभाळायची जबाबदारी त्याच्याच हाती देतो. ईस्टरचं प्रेम मी इथून समजून घेतो, कबरेवरच्या धोंड्यापेक्षा या न्याहारीतून जास्त.

मित्राबरोबर चर्चला जाणार आहात, तर ईस्टरच्या आधी शुक्रवारीही या. बऱ्याच चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना असते आणि सातही उद्गारांवर एकेक जण बोलतो. त्या दिवशी कुणाला 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणू नका, शुभेच्छा रविवारी. ऊन असतं, पाणी पिऊन निघा. तीन तास बसवलं नाही तर मध्येच उठलात तरी चालतं, आमच्यातलेही उठतात. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या, वेळी जागेवर बसून राहिलात तरी कुणाला वाईट वाटणार नाही.