उबंटू सर्व्हरवर कमांड लाइनने ग्रुप कसा बनवायचा?

दादरच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर अकाउंट्सच्या चौघांनाच एक फोल्डर उघडता यायला हवा, असं तुम्ही विचारलंय. मग ग्रुप करणं हाच सरळ रस्ता. ‘सुडो ग्रुपॲड हिशेब’ टाकून एंटर मारा. स्क्रीनवर काहीच आलं नाही म्हणजे काम झालं. खात्री हवी तर ‘गेटएंट ग्रुप हिशेब’. (टाइप मात्र सगळं रोमन स्मॉल अक्षरांत, ग्रुपचं नावसुद्धा.)

खरी गोम माणसं जोडताना आहे. ‘सुडो यूजरमॉड -एजी हिशेब’ आणि पुढे यूजरचं नाव. यातला ए स्मॉल, जी तेवढा कॅपिटल. ए विसरलात तर तो यूजर बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपांतून बाहेर फेकला जातो, सुडो या ॲडमिन अधिकार देणाऱ्या ग्रुपमधूनही. ॲडमिन तुम्ही एकटेच असाल तर मग बसा बोंबलत!

फोल्डरला ‘सुडो सीएचजीआरपी हिशेब’ आणि ‘सुडो सीएचमॉड 2770’ लावा, दोन्हींपुढे फोल्डरचा पाथ. त्या 2 मुळे आत बनणारी नवी फाइल आपोआप हिशेब ग्रुपची होते. आणि हो, चौघांनाही एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करायला सांगा, तोवर ग्रुप लागू होत नाही.