आजचा भाव फळ्यावर लिही

झिला,

काल तू ओट्यावर बसून तुझ्या खानावळीबद्दल तासभर बोललास आणि चहा तसाच गार करून उठलास. मी फार काही बोलले नाही कारण मलाही राग आला होता, थोडा तुझ्यावर, जास्त माझ्यावर. ते मेनूकार्ड दाखवलंस ना, नवीन छापलेलं, लॅमिनेशन केलेलं, आणि सुरमई थाळीपुढे किमतीच्या जागी 'साइजप्रमाणे', तिथेच माझं डोकं फिरलं. रात्री झोप येईना म्हणून लिहितेय. फोनवर टाइप करतेय, चुका काढत बसू नको.

धंदा ठेव की बंद कर हे मी सांगणार नाही. पुण्याची नोकरी सोडून बापाच्या पडवीत आठ टेबलं मांडलीस तेव्हा कोणाला विचारलं नव्हतंस, मग आता कशाला विचारतोस. चव सांभाळ, मेहनत कर, असलं काही पण सांगणार नाही, तुझ्या आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं मी खाल्लंय, तिरफळ किती घालायचं ते तिला न मोजता कळतं. तुझ्याकडे चवीचा प्रॉब्लेमच नाही. तुला भाव सांगायची लाज वाटते. गिऱ्हाईकाने 'थाळी कितीला' विचारलं की तू असा पुटपुटतोस जसा काय चोरीचा माल विकतोयस.

म्हणून एकच सांगते. दाराशी फळा लाव. रोज अकराच्या आत त्याच्यावर लिही, आज कुठला मासा आलाय आणि थाळी कितीला. आकडा लिही, रस्त्यावरून दिसेल एवढा मोठा.

तू म्हणालास काकी, आकडा बघून गाडी पुढे जाईल. जाऊ दे की! साइजप्रमाणे लिहिलेलं असतं तेव्हा माणूस बसतो, पोरंबाळं जेवतात, आणि मग बिल बघून नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पैसे देतात, नाही असं नाही, पण जेवलेलं अंगी लागत नाही त्यांच्या. आणि मग जे काय लिहायचं ते मोबाइलवर लिहितात.

आता हिशोब. काल विचारलं थाळी किती पडते तर म्हणालास 'सुटतं काकी थोडंफार'. थोडंफार म्हणजे काय? तूच म्हणालास सुरमई सातशेने उचलली, पाच किलोची. साडेतीन हजार झाले. डोकं, शेपूट, पोटातलं काढलं की माझ्या काट्यावर साडेतीन किलोच्या आसपास तुकड्या भरायच्या, म्हणजे तुकडी सातशेने नाही, हजार रुपये किलोने पडली तुला. १२० ग्रॅमची तुकडी १२० रुपये. अजून तेल तापलेलं नाही, रवा लागलेला नाही, भात नाही, वडे नाहीत, खोबऱ्याचं वाटप नाही आणि तू थाळी लावतोस अडीचशेला. डोक्याचं कालवण होतं हे मला माहीत आहे, मला शिकवू नको, पण डोकं एक आणि गिऱ्हाईकं तीस.

त्यात नारळ. आपल्याकडे नारळ दोनदा जातो, एकदा वाटपात आणि एकदा सोलकढीत, आणि गेल्या दोनेक वर्षांत नारळाने जे डोळे पांढरे केलेत ते तू बघतोच आहेस. तेलाचं तेच. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढलं तेव्हा आमच्या दुकानदाराने दुसऱ्या दिवशी डबा महाग केला, पुढे मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं २० वरून १० टक्क्यांवर आणलं तेव्हा हाच गृहस्थ म्हणतो जुना माल आहे ताई. गॅसचा १९ किलोचा सिलिंडर घे, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, घरच्यावर ५. उलाढाल २० लाखांच्या वर गेली की तुझ्या थाळीवर पण ५ टक्के आला, पण गॅसवर, फ्रीजवर तू जो कर भरलास तो त्यातून वजा होत नाही, तो थाळीतच मुरतो, मिठासारखा. आणि त्या सिलिंडरचा भाव बहुतेक दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो. माशाचा तर लिलाव संपेपर्यंत बदलतो. मग तुझं हे लॅमिनेशन कशाला रे वर्षभर? खडूचा भाव पुसता येतो.

तुला वाटेल म्हातारीला फळ्याचं वेड लागलंय. लागलंय. का लागलंय ते ऐक.

मी २३ वर्षं खानावळ चालवली. त्यातली चार वर्षं मी थाळीचा भाव एक रुपया वाढवला नाही. गावातली सगळ्यात स्वस्त थाळी काकीची, असं लोक म्हणायचे आणि मला ते गोड वाटायचं. मे महिन्यात चाकरमानी यायचे, म्हणायचे काकी तुम्ही पुण्य करताय, आणि मी फुगायचे. पण बंदरावर मला कोणी पुण्याच्या भावात मासा दिला नाही. मग ते पैसे आले कुठून? आधी तुकडी पातळ झाली. मग सोलकढीत तिसऱ्यांदा पिळलेल्या खोबऱ्याचं पाणी जायला लागलं, कोकमाचं आगळ जास्त घालायचं म्हणजे रंग येतो. हे सगळं मी केलंय, कोणी सांगितलेलं नाही.

आणि मग जून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद हे आपल्याला शेंबड्या पोराला पण माहीत, पण मुंबईच्या माणसाला पावसात समुद्र बघायचा असतो आणि सुरमई खायची असते. मी बाहेरचा बर्फातला मासा आणला आणि कोणी विचारलं तर 'आजचाच' म्हणाले. गिरगावातले एक जुने गिऱ्हाईक होते, दरवर्षी मे मध्ये यायचे, ते त्या वर्षी नेमके जूनमध्ये आले. अर्धी तुकडी ठेवली. हात धुतले, पैसे दिले आणि मला म्हणाले, 'काकी, घरी सगळं बरं आहे ना?' बस एवढंच. शिवी दिली असती तर मी भांडले असते. ते परत आले नाहीत.

पण हे पण सोड. खरी लाज वेगळीच आहे. माझ्याकडे भाकऱ्यांना एक बाई होती, १४ वर्षं. त्या चार वर्षांत मी तिचा पगार पण वाढवला नाही. थाळी स्वस्त ठेवली ती माझ्या खिशातून नाही, तिच्या खिशातून. एक दिवस म्हणाली 'काकी, माका आता परवडणा नाय' आणि वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात गेली. मी तेव्हा गावभर सांगत फिरले की १४ वर्षं खाल्लं-प्यायलं आणि सोडून गेली. आता रस्त्यात भेटते, हसते. मला हसता येत नाही नीट.

तिच्या जागी दोघी ठेवाव्या लागल्या, तेव्हा कुठे डोळे उघडले आणि फळा लावला. पहिल्या दिवशी भाव एकदम वाढवला आणि सकाळपासून आत लपून बसले. दुपारी नेहमीचे चार जण फळा वाचून निघून गेले, त्यातला एक तर माझ्या नात्यातला. पण जे आत आले ते वाचून आले होते, त्यांनी बिल बघून तोंड केलं नाही. आणि हे बघ, शेवटची सहा वर्षं मी बंदरावर एक रुपया उधारी ठेवली नाही. तुझा बाप म्हणत असेल काकीची खानावळ बुडाली, तर त्याला सांग बुडाली नाही, बंद केली. गुडघे गेले म्हणून. मुलगा ठाण्याला, त्याला नको होती. तौक्ते वादळात, २०२१ च्या मे मध्ये, पत्रे उडाले तरी मी ऑक्टोबरात परत उघडली होती. बुडणारा माणूस पत्रे बदलत नाही.

असो. तुझं बोलू.

पावसात फळ्यावर लिही, 'आज ताजा मासा नाही'. खरंच लिही. खाली लिही कुळथाची पिठी आणि भात, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, फणसाच्या आठळ्यांची भाजी, टाकळ्याची पालेभाजी मिळाली तर ती, सुक्या बांगड्याची किसमूर. आपण हे घरी खातो आणि गिऱ्हाईकाला पनीर वाढतो, कमाल आहे. ते चायनीजचं पान तर फाडूनच टाक, त्याच्यासाठी वेगळा शेगडा पेटतो, वेगळा माणूस लागतो, आणि ओरोसपासून मालवणपर्यंत प्रत्येक टपरीवर तेच मिळतं.

सोमवारी गावचं गिऱ्हाईक मासे खात नाही, श्रावणात नाही, गणपतीत विसर्जनापर्यंत नाही. ते दिवस आधीच वहीत मांड, दर वर्षी आश्चर्य वाटल्यासारखं करू नको. विसर्जनानंतर लोक कसे तुटून पडतात तेव्हा माणसं कमी पडतात, त्याची पण सोय आधी लाव.

गिऱ्हाईक आणणाऱ्या गाडीवाल्यांना पैसे देतोस ते मला पटलं नाही. ड्रायव्हरला जेवू घाल, तो सकाळपासून गाडी मारतोय, पण दर गाडीमागे त्याच्या हातात जे कोंबतोस ते बंद कर. ते पैसे तू भरत नाहीस, मागच्या सीटवरचा माणूस भरतो आणि त्याला माहीतच नसतं. फळ्यावर लिहू शकशील का 'यात ड्रायव्हरचे पन्नास'? नाही ना? जे फळ्यावर लिहिता येत नाही ते भावात घालायचं नाही. धंदा कमी होईल, दोन महिने होईल. तीन पण होईल. मला नको विचारू किती दिवस, मी ज्योतिषी नाही.

रीलचं तुझं तू बघ, त्यातलं मला काही कळत नाही. फळ्याचा फोटो रोज टाक एवढंच म्हणेन.

आईचा पगार लावलास का तू? काल हिशोबात तिचं नाव कुठेच नव्हतं. पहाटे पाचला उठून वाटप ती करते आणि तुझ्या वहीत मजुरी म्हणून फक्त त्या दोन पोरांचं आहे. तिचा आकडा घाल आणि मग थाळी किती पडते ते मला सांग. तिला देशील न देशील तो तुमच्या घरचा प्रश्न, पण आकडा घाल.

माझा फळा माळ्यावर आहे. एका कोपऱ्याला वाळवी लागलीय, बाकी धड आहे. बुधवारी ये, शिडी घेऊन ये, आमची मोडलीय. वजनकाटा पण घेऊन जा, जुना आहे पण पाच ग्रॅमचा फरक दाखवतो. आणि येताना ती वही आण, आईचा आकडा घातलेली. नसेल घातला तर येऊ नको, फळा उतरवायला मी दुसऱ्या कोणाला सांगेन.

काकी