ढोबळीचे वळण, छाटणी आणि आपले ऊन

प्रश्न : महोदय, अंबड तालुक्यात माझे दहा गुंठ्यांचे शेडनेट आहे. जुलैच्या अखेरीस त्यात रंगीत ढोबळी मिरची लावली. झाडे जोमात होती म्हणून छाटणी केली नाही. आता नोव्हेंबरच्या मध्यावर प्रत्येक झाडाचे झुडूप झाले आहे, आत हात जात नाही, फळे पुष्कळ आहेत पण वजन ऐंशी-नव्वद ग्रॅमच्या पुढे जात नाही आणि आतील पानांवर भुरी (पांढऱ्या पिठासारखा बुरशीचा रोग) दिसू लागली आहे. सर्व फांद्या एकदाच कापून नवी फूट घ्यावी, असे शेजारचे शेतकरी सांगतात. काय करावे?

उत्तर : एकदाच कापू नये. आपल्या झाडाचे नेमके काय झाले आहे ते आधी पाहू, म्हणजे कात्री कोठे लावायची हे कोणाला विचारावे लागणार नाही.

ढोबळीचे मुख्य खोड साधारण पाचव्या-सहाव्या पेरानंतर दुभागते आणि त्या बेचक्यात पहिले फूल येते. पुढे प्रत्येक फांदी प्रत्येक पेरावर पुन्हा दुभागत जाते. दोहोंपैकी एक फूट जोरकस असते, दुसरी दुबळी. दोन्ही राखल्या तर दोनाच्या चार, चाराच्या आठ, आठाच्या सोळा असा पसारा वाढतो, मुळांनी वर पाठविलेले अन्नपाणी सोळा ठिकाणी वाटले जाते आणि कोणत्याच फळाच्या वाट्याला पुरेसे येत नाही. म्हणून शेडनेटमध्ये झाडावर चारच फांद्या राखतात आणि त्यानंतर प्रत्येक पेरावर जोरकस फूट वर जाऊ देऊन दुबळी फूट एखादे पान व फूल ठेवून खुडतात. हे काम लागवडीनंतर साधारण तिसाव्या दिवशी सुरू करून दर आठ ते दहा दिवसांनी करायचे असते. त्या वयात फूट कोवळी असते, अंगठा आणि तर्जनी यांतच ती निघते, कात्रीची गरज पडत नाही. बेचक्यातील पहिले फूलही काढून टाकावे, कारण रोप पुरते उभे राहण्याआधीच ते फळ पोसू लागले की वाढ अडखळते.

आपला हा काळ निघून गेला आहे, तरी पीक गेलेले नाही. रंगीत ढोबळी व्यवस्थित सांभाळली तर नऊ-दहा महिने चालते, म्हणजे निम्म्याहून अधिक हंगाम अजून आपल्या हातात आहे. काम तीन फेऱ्यांत करावे आणि दोन फेऱ्यांमध्ये आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवावे. पहिल्या फेरीत बेचक्याच्या खाली मुख्य खोडावर आलेले सर्व फुटवे, जमिनीला टेकलेली पाने आणि भुरीने भरलेली पाने काढून शेडनेटच्या बाहेर न्यावीत. वाफ्यांमधल्या वाटेवर टाकू नयेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक झाडावरच्या चार उत्तम फांद्या निवडून त्यांना दोरी बांधावी आणि झाडाच्या पोटात शिरलेल्या बारीक फांद्या काढाव्यात. ज्या जादा फांद्यांवर फळे पोसत आलेली आहेत, त्या फळे उतरवल्यानंतरच तिसऱ्या फेरीत काढाव्यात. कोणत्याही एका फेरीत झाडाच्या एकूण पानांपैकी चतकोरापेक्षा अधिक पाने जाऊ नयेत, हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे. तो मोडल्यावर झालेली फूलगळ मी पाहिली आहे.

दोरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण छाटणी नीट करूनही वळण न दिल्याने फांद्या मोडलेल्या प्लॉट मला वारंवार दिसतात. वर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ताणून प्रत्येक फांदीसाठी प्लास्टिकची स्वतंत्र दोरी सोडावी. खाली दोरीचा फास खोडाला घट्ट बसवू नये, दोन बोटे सहज जातील इतका सैल ठेवावा; खोड जाड होत जाते आणि घट्ट फास दोन महिन्यांत सालीत रुततो. फांदी दोरीभोवती नेहमी एकाच दिशेने गुंडाळावी, म्हणजे मजूर बदलले तरी गुंता होत नाही. फळांनी लगडलेल्या शेकडो झाडांचे ओझे या तारांवर येते, त्यामुळे शेडनेटचा सांगाडा त्या भाराच्या हिशेबाने उभारलेला नसेल तर तारांसाठी वेगळे खांब उभे करावेत.

भुरीवर फवारणी करावी लागेलच, परंतु ती छाटणीच्या पहिल्या फेरीनंतर करावी. आज ते औषध वरच्या पानांवरच राहील.

प्रश्न : सर, छाटणीची माणसे पुढे गेली की आठ-पंधरा दिवसांनी त्याच ओळीत पाने पिवळी-हिरवी, चट्ट्यापट्ट्यांची होतात. झाडे ओळीने एकामागून एक बिघडतात. बियाणे खराब आहे का? (गेवराई तालुका)

उत्तर : बियाण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, पण झाडे ओळीने बिघडत असतील तर संशय आधी हातांवर घ्यावा. तंबाखूवर येणारा मोझॅक विषाणू मिरचीवर्गीय पिकांवरही येतो, रसाबरोबर हातांवरून आणि कात्रीवरून पसरतो आणि वाळवलेल्या तंबाखूतही टिकून राहतो. आपल्याकडे तंबाखू मळून तेच हात फुटवे खुडायला जातात, हे मी कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. रोग पसरण्याचा मार्ग तोच आहे. कामाआधी साबणाने हात धुण्याची सोय शेडनेटच्या दारातच करावी. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे सुमारे २० टक्के द्रावण बादलीत ठेवून त्यात हात आणि कात्री वारंवार बुडवल्यास हा प्रसार कमी होतो. बिघडलेली झाडे मुळासकट उपटून जाळावीत आणि त्या ओळीत सर्वांत शेवटी काम करावे. छाटणी सकाळी दव सुकल्यावर करावी, म्हणजे जखमा दिवसभरात वाळतात. गुत्त्याने काम दिले असेल तर हात धुण्याची अट आधीच ठरवून घ्यावी, कारण गुत्त्यात घाई असतेच.

प्रश्न : मी लातूरचा कृषी पदविकेचा विद्यार्थी आहे. परदेशात खोलीमध्ये दिव्यांखाली गांजाची झाडे वाढवून, शेंडे खुडून, फांद्या आडव्या बांधून आणि पाने विरळ करून उत्पादन वाढवतात, असे व्हिडिओ मी पाहिले. हीच पद्धत येथे वापरता येईल का? निदान ढोबळीवर तरी?

उत्तर : गांजापुरते उत्तर एका परिच्छेदात संपते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाच्या झाडाची लागवड हा गुन्हा आहे. कलम २० प्रमाणे त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाडे खोलीत आहेत की तुरीच्या ओळींत, याने फरक पडत नाही. आपल्या जमिनीवर दुसऱ्या कोणी बेकायदा लागवड केली, तर तिची माहिती देण्याचे कर्तव्यही कायद्याने जमीनधारकावर टाकले आहे. तेव्हा तो विचार सोडून द्या.

तुमच्या प्रश्नातले वनस्पतिशास्त्र मात्र मोलाचे आहे आणि ते शिकायला परदेशी व्हिडिओची गरज नव्हती. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन नावाचे संप्रेरक खाली उतरत असते आणि बगलेतील डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा खुडला की तो दाब उठतो आणि बाजूच्या फांद्या फुटतात. तुमच्या आजीने हरभऱ्याचे शेंडे भाजीसाठी खुडले तेव्हा हेच घडत होते. तुरीचा शेंडा खुडणारा शेतकरी, आणि परभणीच्या दादा लाड तंत्रज्ञानाप्रमाणे कपाशीची गळफांदी (खोडाच्या खालच्या भागातून जोमाने वाढणारी फांदी) काढून नंतर शेंडा मारणारा शेतकरी, याच नियमाचा उपयोग करतो. ढोबळी मात्र प्रत्येक पेरावर आपणहून दुभागते, म्हणून तिला शेंडा खुडून फुटवे आणण्याची गरज नसते. तिच्याबाबत काम उलट आहे, आलेल्या फुटव्यांतून निवड करण्याचे.

पाने विरळ करण्याची पद्धत तर येथे जशीच्या तशी आणूच नये. दिव्याचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो आणि झाडाच्या खालच्या भागापर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून खोलीत झाडे वाढवणारा माणूस सावलीतली पाने काढून टाकतो. आपल्याकडे दुपारच्या उघड्या उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो आणि ५० टक्के सावली देणाऱ्या जाळीखालीही त्यातला निम्मा उरतो. प्रकाशाचा तुटवडा ही मराठवाड्याची अडचण नाही. एप्रिलमध्ये पारा ४० अंशांवर गेला की पान अन्न तयार करण्याबरोबरच फळाला छत्री धरण्याचेही काम करते, आणि ती छत्री काढली की फळाच्या उन्हाकडच्या बाजूला पांढरट, कागदासारखा डाग पडतो. अशा फळाला बाजारात कोणी विचारत नाही. म्हणून फेब्रुवारीनंतर दुबळी फूट खुडताना एकाऐवजी दोन पाने ठेवावीत आणि फळावर सावली धरणारे निरोगी पान काढू नये.

प्रश्न : टोमॅटोचे बगलेतील फुटवे काढावेत का? (सेलू)

उत्तर : वाण कोणता आहे ते आधी पाहावे. शेंड्यावर फुलांचा घोस येऊन ज्याची उंची थांबते, त्या झुडपी वाणाचे फुटवे काढू नयेत, कारण त्याचे बरेचसे उत्पन्न त्याच फुटव्यांवर असते. फार तर पहिल्या घोसाच्या खालचे, जमिनीलगतचे फुटवे काढावेत. शेडनेटमधील सतत वाढणाऱ्या वाणाला एक किंवा दोन खोडे राखून बाकीचे फुटवे बोटभर होण्याआधी काढावेत आणि खालचा घोस पिकू लागला की त्याच्याखालची जुनी पाने उतरवावीत. बियाण्याच्या पाकिटावर वाणाचा प्रकार लिहिलेला नसेल तर रोपवाटिकेत विचारून मगच हात घालावा.