मजले मोजू नका, आधी एफएसआय विचारा : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं शहराच्या बदलत्या स्कायलाइनबद्दल आहेत. कुणाला शेजारच्या टॉवरचा त्रास होतोय, कुणी स्वतःच टॉवरमध्ये राहायला चाललंय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून वारंवार आलेले पाच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : आमच्या गल्लीत सगळ्या चार मजली बिल्डिंग होत्या, आता एकेक रिडेव्हलपमेंटला जातेय आणि तिथे ३० मजली टॉवर येतायत. एवढी माणसं आली तर पाणी, ड्रेनेज, पार्किंग कसं पुरणार? सरळ उंचीवरच बंदी का नाही आणत?

काळजी अगदी रास्त आहे, पण आकडा चुकीचा धरलाय असं मला वाटतं. मजले किती यापेक्षा एफएसआय किती ते आधी विचारा. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करायची परवानगी आहे तो आकडा. समजा तो ३ आहे. बिल्डरने अर्धा प्लॉट व्यापून बांधलं तर ६ मजल्यात काम होतं, आणि फक्त एक दशांश प्लॉट व्यापला तर तेच बांधकाम ३० मजल्यांवर जातं. एकूण जागा तेवढीच, फ्लॅटचे साइझ सारखे असतील तर माणसंही तेवढीच, फरक फक्त खाली किती मोकळं राहिलं याचा.

उंच म्हणजे दाट असं नसतं हे जगात सगळीकडे दिसतं. बार्सिलोनाच्या एशाम्पल भागात बहुतेक इमारती सहा-सात मजल्यांच्या, तरी तिथे एका चौरस किलोमीटरमध्ये ३० हजारांच्या वर लोक राहतात. उलट न्यूयॉर्कमधला स्टाइनवे टॉवर घ्या, ४३५ मीटर उंच, ८४ मजले, आणि घरं किती तर ६० च्या आसपास! म्हणजे उंचीवर बंदी आणली आणि एफएसआय तसाच ठेवला तर लोक कमी होणार नाहीत, फक्त मोकळी जागा जाईल.

तुमच्या गल्लीचा खरा प्रश्न असा की जुना एफएसआय किती होता, नवा किती दिलाय आणि त्या हिशोबाने पाण्याची लाइन नि ड्रेनेज मोठं केलंय का. प्लॉटमागून प्लॉट वेगवेगळा मंजूर होतो आणि पूर्ण गल्लीचा एकत्र हिशोब कुणी करत नाही, माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. हरकती मागवल्या जातील तेव्हा सगळ्या प्लॉटची बेरीज करून ती बेरीज समोर ठेवा, 'टॉवर नको' एवढ्या वाक्यावर कुणीच काही करू शकत नाही.

प्रश्न : आम्ही ४१व्या मजल्यावर राहायला आलो. जोराचा वारा सुटला की बादलीतलं पाणी हलताना दिसतं, झुंबर हलतं. बिल्डिंग कमकुवत आहे का? रात्री झोप लागत नाही.

तुमची भीती मी समजू शकते, पण उंच इमारत वाऱ्यात हलतेच आणि ती हलणार हे धरूनच डिझाइन केलेलं असतं. आपल्या शरीराला ती किती इंच सरकली हे कळत नाही, सरकण्याचा वेग किती झटकन बदलतो ते कळतं, त्यामुळे इंजिनियरचं अर्धं काम इमारत पडू न देण्याचं आणि अर्धं आतल्या माणसाला मळमळू न देण्याचं असतं.

आणि वारा नुसता ढकलतो असंही नाही. तो इमारतीच्या दोन्ही बाजूंनी जाताना आलटून पालटून भोवरे सोडतो, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, आणि त्या भोवऱ्यांची लय इमारतीच्या स्वतःच्या लयीशी जुळली तर हेलकावे वाढत जातात. म्हणून बुर्ज खलिफाचा आकार वर जाताना टप्प्याटप्प्याने बदलत नेलाय, म्हणजे भोवऱ्यांना एक लय सापडतच नाही. तैपेई १०१ मध्ये वरच्या मजल्यांच्या मधे ६६० टनांचा स्टीलचा गोळा टांगलाय, इमारत एकीकडे गेली की तो उलट ओढ देतो. २०१५ च्या वादळात तो गोळा जवळपास एक मीटर हलला होता आणि इमारत व्यवस्थित उभी राहिली.

इथे फझलूर खान यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ढाक्यात जन्मलेला, शिकागोत काम करणारा हा इंजिनियर. वाऱ्याचा सगळा भार आतल्या सांगाड्यावर टाकण्यापेक्षा बाहेरच्या भिंतीत जवळजवळ खांब उभे करून पूर्ण इमारतच एका पोकळ नळीसारखी करायची, ही त्यांची कल्पना. १९६० च्या दशकात शिकागोत एका ४३ मजली रहिवासी इमारतीत ती वापरली, मग १९६९ मध्ये १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटर, ज्याच्या बाहेर मोठ्या फुल्या दिसतात. त्या नळीच्या कल्पनेमुळे उंच जायला लागणारं स्टील खूप कमी झालं आणि इतक्या उंचावर घरं बांधणं परवडायला लागलं.

तुम्ही एक करा. सोसायटीकडून स्ट्रक्चरल इंजिनियरचे कागद मागा आणि विंड टनेल टेस्ट, म्हणजे इमारतीच्या छोट्या मॉडेलवर जोराचा वारा सोडून बघण्याची चाचणी, झालीय का ते विचारा. हलणं ठीक आहे. पण खांबाला किंवा बीमला तडा दिसला, किंवा दारं चौकटीत अडकायला लागली, तर मात्र थांबू नका, लगेच इंजिनियर बोलवा.

प्रश्न : शेजारी टॉवर झाला आणि आमच्या घरात हिवाळ्यात ऊनच येत नाही. उन्हावर आपला काही हक्क असतो का?

हे प्रत्येक ठिकाणच्या नियमांवर आहे. पण भांडण शंभर वर्षं जुनं आहे. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली ३८ मजली इक्विटेबल बिल्डिंग झाली, ती रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर गेली आणि आजूबाजूच्या इमारतींवर प्रचंड सावली पडायला लागली. आधीपासून चाललेल्या मागणीला त्यामुळे जोर आला आणि १९१६ साली कायदा आला की ठरावीक उंचीनंतर इमारतीने मागे सरकत जायचं, म्हणजे रस्त्यावर उजेड पोचेल. तिथल्या जुन्या टॉवरचा पायऱ्यापायऱ्यांचा आकार या कायद्यामुळे आला, ती नुसती आर्किटेक्टची हौस नव्हती.

जपानने १९७६ मध्ये आणखी नेमका नियम केला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी शेजारच्या जागेवर किती तास सावली पडली तर चालेल हे रहिवासी भागांसाठी ठरवून टाकलं. व्हँकुव्हरने १९८९ पासून काही ठिकाणांहून डोंगर दिसत राहावेत म्हणून नजरेच्या रेषाच राखून ठेवल्यात, त्या रेषेत इमारत आली तर तिची उंची तिथे थांबते. मला हा जपानी नियम सगळ्यात आवडतो कारण तो तास मोजतो, तिथे 'अंधार वाटतो' आणि 'नाही वाटत' असा वाद राहतच नाही. बांधून झालेल्या टॉवरचं आता फार काही होणार नाही हे प्रामाणिकपणे सांगते, पण पुढचा येईल तेव्हा शॅडो स्टडी, म्हणजे त्याची सावली कुठे आणि किती वेळ पडेल याचा अभ्यास, मागा, प्लॅन मंजूर व्हायच्या आधी.

प्रश्न : वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतोय. व्ह्यू सोडून काय बघू?

एक गंमत सांगते, लिफ्ट यायच्या आधी इमारतीत सगळ्यात वरचा मजला सगळ्यात स्वस्त असायचा, कारण जिने चढायचे. माणसांसाठीची पहिली लिफ्ट १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात लागली आणि त्यानंतर हा क्रम हळूहळू पार उलटा झाला. त्यामुळे तुम्ही जो जास्तीचा पैसा भरताय तो खरं तर लिफ्टच्या भरवशावर भरताय. किती घरांमागे किती लिफ्ट, बॅकअपवर किती चालतात, सर्व्हिस लिफ्ट वेगळी आहे का हे विचारा. सकाळच्या गर्दीच्या वेळी जाऊन उभे राहा.

नंतर आग. अग्निशमन दलाच्या नेहमीच्या शिड्या साधारण ३० मीटरच्या आसपास पोचतात, त्याच्या वर तुम्हाला वाचवतं ते इमारतीच्या आतलं. जिने किती, त्यांचे दरवाजे बंद राहतात का, तिथे सामान रचलंय का, स्प्रिंकलरमध्ये, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या नळ्यांमध्ये, पाणी आहे का. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये आग लागली तेव्हा २४ मजल्यांना जिना एकच होता, बाहेरून लावलेलं क्लॅडिंग, म्हणजे भिंतींवर चढवलेली पॅनेल, पेट घेणारं होतं, आणि ७२ माणसं गेली. चौकशीचा शेवटचा रिपोर्ट मांडताना चौकशीच्या अध्यक्षांनी म्हटलं की हे सगळे मृत्यू टाळता आले असते. मला ते वाक्य विसरता येत नाही. म्हणून बाहेरून छान चकचकीत पॅनेल दिसलं की ते कशाचं आहे हे विचाराच, लाजू नका.

तिसरं म्हणजे मेंटेनन्स. फ्लोरिडात सर्फसाइडला ४० वर्षांची एक रहिवासी इमारत २०२१ मध्ये कोसळून ९८ लोक गेले, त्याच्या तीन वर्षं आधी इंजिनियरने स्विमिंग पूलच्या भागातल्या स्लॅबचं मोठं नुकसान लिहून दिलं होतं आणि रहिवाशांमध्ये खर्चावरून वाद चालू होते. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटी साठवते त्या निधीत, किती पैसे आहेत ते बघा.

प्रश्न : आई ७६ वर्षांची आहे. २८व्या मजल्यावर आल्यापासून ती खाली उतरतच नाही, म्हणते खाली कुणी ओळखीचं दिसत नाही. काय करू?

हे पत्र वाचून मी बराच वेळ बसून होते. डॅनिश आर्किटेक्ट यान गेल यांनी मांडलंय की साधारण पाचव्या मजल्यापर्यंत माणसाचं रस्त्याशी नातं असतं, चेहरा ओळखता येतो, हाक मारता येते, त्याच्या वर गेलं की ते तुटतं. आधी तुमच्या आईंना गॅलरीतून माणसं दिसायची, आता फक्त गाड्यांचे टप दिसतात. यात आईंचा हट्ट नाहीये.

तुमच्या पत्रात आहे की बसायची बाकं सगळी पोडियमवरच्या, म्हणजे टॉवरच्या खालच्या रुंद मजल्यांच्या गच्चीवरच्या, गार्डनमध्ये आहेत. तिथे कुणी येत-जात नाही, मग ओळख कशी होणार. सोसायटीत बोलून दोन-तीन बाकं गेटजवळ, सावलीत, जिथून शाळेतून येणारी मुलं आणि भाजी घेऊन येणारी माणसं जातात तिथे ठेवायला सांगा, पाठ टेकता येईल आणि हाताला आधार असेल अशी. पहिले पंधरा दिवस रोज एकाच वेळी तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर खाली बसा. आणि बाक नेमका कुठे हवा ते आईंना घेऊन जाऊन त्यांनाच दाखवायला सांगा.