‘ॲडजस्ट’चा खरा अर्थ काय? ‘ॲडजस्ट करणं’ म्हणायचं की ‘होणं’?

तुम्ही लिहिलंय की गाडीत मागच्या सीटवर चौथा माणूस घ्यायचा होता, म्हणून इंग्लंडहून आलेल्या पाहुण्याला तुम्ही ‘प्लीज ॲडजस्ट’ म्हणालात, आणि तो बिचारा सीटबेल्ट सैल-घट्ट करत बसला. शब्द मुळात कुठला, आपलं चुकलं कुठं, असं विचारलंय.

चूक दोघांचीही नाही. त्याच्याकडं ॲडजस्ट करतात ते वस्तूला: आरसा, पट्टा, घड्याळ. थोडं इकडंतिकडं करून हवं तसं बसवायचं. माणूस ॲडजस्ट होतो तो थंडीला, नव्या नोकरीला. अंधारात शिरल्यावर डोळे होतात तसा. ‘सरकून जागा द्या’ हा अर्थ आपल्याकडचा.

मी सांगलीचा, नोकरी साताऱ्याला. दर सोमवारी पहाटेची एसटी, त्यामुळं हा शब्द मी कानांनी कमी आणि बरगड्यांनी जास्त शिकलोय. तिघांचा बाक, तिघं बसलेले. आष्ट्याला एक मावशी चढतात, हातात शेवग्याच्या शेंगांची पिशवी. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणतो, “ओ पावणं, ॲडजस्ट करा की, मावशींना बसू द्या.” खिडकीजवळचा आणखी खिडकीला चिकटतो, मधला खांदा तिरका करतो, आणि मावशी बाकाच्या कडेवर चार बोटं टेकतात. शेंगा माझ्या मांडीवर.

आता गंमत बघा. लॅटिनमध्ये ‘युक्स्टा’ म्हणजे जवळ, शेजारी. त्याला ‘आद’ जोडून पुढं ‘जवळ आणणं’ असं क्रियापद झालं, आणि ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. वाटेत लोकांना त्यात ‘जस्ट’ दिसायला लागला, म्हणजे न्याय्य, बरोबर. त्या गैरसमजानं अर्थ ‘नीट बसवणं’कडं झुकला. आजही बरेचजण ॲडजस्टची फोड अशीच करतात, पण मूळ न्यायाचं नाही, शेजाराचं आहे. म्हणजे आपला कंडक्टर नकळत मुळाशी जाऊन बसलाय. माणसं जवळ आणणं हेच तर तो करतो!

याच ‘युक्स्टा’तून फ्रेंचमार्गे ‘जाउस्ट’ आला, म्हणजे घोडेस्वारांची भाल्यांची झुंज, आणि त्यातून ‘जॉसल’, म्हणजे धक्काबुक्की. इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी लागली की दारात होतं ते जॉसल, आणि आत गेल्यावर होतं ते ॲडजस्ट. आणखी मागं गेलात तर हे घराणं थेट संस्कृत ‘युज्’शी जाऊन भिडतं: योग, युग्म, आणि बैलांच्या मानेवरचं जू. इंग्रजीतला ‘योक’ आणि ‘जॉइन’ही त्याच भावकीतले.

करणं की होणं? दोन्ही बरोबर, अर्थ वेगळे. ‘करणं’ म्हणजे तुम्ही मुद्दाम काहीतरी सोसता किंवा हलवता: जागा, सुट्टीचा दिवस, सुट्टे पैसे. ‘होणं’ म्हणजे हळूहळू सवय लागणं. आमच्या वाड्यात ‘मुलगी सासरी ॲडजस्ट झाली का?’ हे मी शंभरदा ऐकलं असेल; ‘सासर ॲडजस्ट झालं का?’ असं एकदाही नाही. व्याकरणात दोन्ही वाक्यं चालतात.

मराठीत प्रत्येक जागेला वेगळा शब्द आहे. माणसांशी जुळवून घ्यायचं, कमी पैशात भागवायचं, नातेवाइकांत सांभाळून घ्यायचं, बाकावर सरकून घ्यायचं. आणि हिशेबातल्या ॲडजस्टला आमच्या सांगलीच्या हळदीच्या पेठेत फार चांगला शब्द आहे: वळती करणं. शेतकऱ्यानं आधी उचल घेतलेली असते, माल विकल्यावर अडत्या, म्हणजे पेठेतला दलाल, पट्टी (विक्रीचा हिशेब) करताना ती रक्कम कापतो आणि म्हणतो, “उचल वळती करून घेतलीय.” ऑफिसात आम्ही यालाच ‘ॲडव्हान्स ॲडजस्ट केला’ म्हणतो आणि उगाच जीभ वळवत बसतो. गॅरेजमध्ये मात्र मराठीही नाही आणि ॲडजस्टही नाही, तिथं सगळं ‘सेटिंग’.

तेव्हा पाहुण्याला पुढच्या वेळी ‘कुड यू मूव्ह ओव्हर अ बिट’ म्हणा, लगेच सरकेल. आणि तो कधी आमच्या एसटीत चढलाच, तर त्याला ‘वाईच सरका’ एवढं शिकवून ठेवा.